नाम आणि अंक : खगोलवस्तूंच्या संगणकीय अभिधानांची चिकित्सा

१

नाम वस्तू दाखविते आणि अंक तिची मोजदाद करतो, अशी ढोबळ वाटणी व्यवहारात गृहीत धरलेली असते. जेथे अंक मोजदाद न करता केवळ वस्तू दाखवितो, तेथे तो नामाचेच कार्य करीत असतो. आणि हे कार्य तो नामापेक्षा अधिक नेमकेपणाने, अधिक निर्विकारपणे पार पाडतो, असा समज त्याच वाटणीतून उद्भवतो. भाषेतील नामांना पर्याय असतात, त्यांचे लेखन बदलते, एकच नाम अनेकांना लागू पडते. अंकाला यांतील कोणताही दोष नाही, असे मानले जाते. हा समज कितपत खरा आहे हे तपासण्यास ग्रहगणिताच्या संगणकीय आज्ञावलींइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. कारण तेथे नामाचे अंकात रूपांतर करणे हे प्रत्येक गणिताचे पहिले पाऊल असते.

या क्षेत्रात 'स्पाइस' ही संगणकीय साधनसामग्री जगभर प्रचारात आहे. अमेरिकेतील पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या 'नैफ' या विभागाने ती सिद्ध केली. अंतराळयानांचे स्थान, ग्रहांचे स्थान, यंत्रांची दिशा इत्यादी माहिती तिच्या साहाय्याने मिळते. ही माहिती अंकांनी ओळखल्या जाणाऱ्या वस्तूंविषयी साठविलेली असते. वापरणारा मात्र वस्तूला नावाने हाक मारतो. म्हणून नाव दिले असता अंक देणारे, आणि अंक दिला असता नाव देणारे, अशी दोन फंक्शने तीत आहेत. पहिले फंक्शन अंकाबरोबर आणखी एक उत्तर देते : नाव सापडले की नाही. हे दुसरे उत्तर वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात संपूर्ण व्यवस्थेचा प्रामाणिकपणा त्यावर अवलंबून आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन थोडक्यात असे, की नामाचे अंकात रूपांतर केल्याने नामाचे प्रश्न नाहीसे होत नाहीत. त्यांतील काही अंकाच्या रचनेत शिरतात आणि उरलेले यादीच्या उंबरठ्यावर थांबून राहतात. मराठीत बोलणाऱ्या व लिहिणाऱ्या माणसाची गाठ प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांशी पडते.

२

नाम आणि अंक यांची अदलाबदल भारतीय ज्योतिषाला नवी नाही. तीन भिन्न तत्त्वांवर आधारलेल्या तीन पद्धती येथे वेगळ्या ओळखता येतात.

पहिली पद्धती भूतसंख्येची. तीत शब्दाच्या अर्थावरून अंक ठरतो. चंद्र एकच, म्हणून चंद्रवाचक कोणताही शब्द म्हणजे १. नेत्र दोन, म्हणून २. वेद ४, बाण ५, ऋतू ६, वसू ८, ग्रह ९, रुद्र ११, सूर्य १२, नक्षत्रे २७. शशी, इंदू, विधू, सोम यांपैकी कोणताही शब्द छंदात बसेल तो घ्यावा, अंक तोच राहतो. येथे पर्यायशब्दांची विपुलता हा दोष नसून सोय आहे. तथापि अर्थावर आधारलेल्या पद्धतीला अर्थाची अनिश्चितता चुकविता येत नाही. भुवने तीनही आहेत आणि चौदाही. समुद्र चार मानावेत की सात, हे संदर्भावरून ठरवावे लागते. म्हणजे शब्दाकडून अंकाकडे जाताना वाचकाच्या सांस्कृतिक ज्ञानावर भिस्त ठेवलेली आहे.

दुसरी पद्धती ध्वनीवर आधारलेली. आर्यभटाने व्यंजनांना मूल्ये व स्वरांना स्थाने देऊन मोठ्या संख्या अत्यंत संक्षेपाने मांडल्या. युगातील सूर्यभ्रमणांची ४३,२०,००० ही संख्या त्याच्या पद्धतीत अवघ्या दोन अक्षरांत मावते. दक्षिणेत रूढ झालेली कटपयादी पद्धती याच जातीची, पण अधिक सुलभ. तीत क, ट, प, य यांपासून व्यंजने मोजून अंक मिळतात आणि ते उलट क्रमाने वाचावयाचे असतात. कर्नाटक संगीतातील ७२ मेळांची नावे या पद्धतीने बांधलेली आहेत. 'शंकराभरण' या नावामागे 'धीर' आणि 'कल्याणी'मागे 'मेच' ही अक्षरे जोडलेली आढळतात, ती अंकासाठी. 'धी' ९ आणि 'र' २, म्हणून धीरशंकराभरण २९ वा मेळ. 'मे' ५ आणि 'च' ६, म्हणून मेचकल्याणी ६५ वा. येथे यादी पाठ असण्याची आवश्यकता नाही. नाव ऐकले की नियमाने अंक निघतो. मात्र नावाचे रूप लेशमात्र बदलले तर अंकही बदलतो. ळकाराला ९ हे मूल्य धरणाऱ्या परंपरेप्रमाणे मराठी 'मंगळ' या शब्दाचा अंक ९३५ येईल आणि हिंदी 'मंगल' याचा ३३५. ग्रह एकच, भाषाभेदाने अंक दोन.

तिसरी पद्धती नोंदीची. तीत शब्दाच्या अर्थाशी वा ध्वनीशी अंकाचा संबंध नसतो. अधिकृत यादीत जे नाव ज्या अंकापुढे लिहिले असेल, तोच त्याचा अंक. 'स्पाइस'मधील व्यवस्था या प्रकारची आहे. तिला अर्थाची संदिग्धता बाधत नाही, परंतु यादीबाहेरच्या नावाविषयी तिला काहीही म्हणता येत नाही, आणि यादी कोणी करावी हा अधिकाराचा प्रश्न तीत प्रथमच उपस्थित होतो.

या तिन्ही पद्धतींत दिशेचाही एक भेद आहे. भूतसंख्येत 'चंद्र' म्हटले की चंद्र मागे पडतो आणि एकाचा अंक उरतो. वस्तू सोडून अंक घ्यावयाचा असतो. आधुनिक यादीत चंद्राला ३०१ म्हटले तरी लक्ष चंद्राकडेच असते. नाव सोडून वस्तू घ्यावयाची असते.

३

नोंदीच्या पद्धतीतील अंक स्वैर असतात, असे वर म्हटले. परंतु 'स्पाइस'ची यादी पाहिली की हे विधान सुधारून घ्यावे लागते. या यादीत सूर्यमालेचा गुरुत्वमध्य ०, बुधापासून प्लूटोपर्यंतच्या ग्रहसंस्थांचे गुरुत्वमध्य १ ते ९ आणि सूर्य १० आहे. प्रत्यक्ष ग्रहांचे अंक १९९, २९९, ३९९, ४९९ असे आहेत. पृथ्वी ३९९ तर चंद्र ३०१. मंगळ ४९९ तर त्याचे उपग्रह फोबॉस ४०१ व डिमॉस ४०२. गुरू ५९९ तर आयो ५०१, युरोपा ५०२. शनीचा टायटन ६०६.

या अंकांना व्याकरण आहे, हे उघड आहे. पहिला अंक संस्था सांगतो, शेवटचे दोन त्या संस्थेतील घटक सांगतात, आणि '९९' हा प्रत्ययासारखा जोडला जाऊन 'या संस्थेचा स्वामी' असा अर्थ देतो. ३०१ हा अंक 'तिसऱ्या संस्थेतील पहिला' असा विग्रह करता येण्याजोगा सामासिक शब्दच आहे. अंतराळयानांचे अंक ऋण असतात : व्हॉयेजर १ चा −३१, व्हॉयेजर २ चा −३२, कॅसिनीचा −८२. निसर्गनिर्मित व मनुष्यनिर्मित हा भेद केवळ एका चिन्हाने दाखविला आहे. भाषेत लिंगाचे किंवा सचेतन-अचेतनाचे प्रत्यय जे कार्य करतात, तेच येथे ऋणचिन्ह करते. भारताच्या चांद्रयान-१ ला −८६ आणि मंगळाकडे २०१३ साली निघालेल्या यानाला −३ हे अंक आहेत.

काही ठिकाणी यादीऐवजी नियमानेच अंक सिद्ध होतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ज्या उपग्रहांना दूरवरच्या संपर्कजाळ्याचा क्रमांक नाही, त्यांच्या उपग्रहसूचीतील क्रमांकात एक लाख मिळवून तो ऋण करावा, असा संकेत आहे. १९ एप्रिल १९७५ रोजी सुटलेल्या 'आर्यभट' उपग्रहाचा सूचीक्रमांक ७७५२. या संकेताने त्याचा अंक −१०७७५२ होतो. अक्षरांना संख्या बनविणाऱ्या गणितज्ञाचे नाव धारण करणारी वस्तू अशा रीतीने स्वतःच संख्येत रूपांतरित होते.

या व्याकरणाने भाषेपेक्षा एक गोष्ट अधिक साधली आहे, हे मान्य केले पाहिजे. व्यवहारात 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' असे म्हणताना पृथ्वी म्हणजे पृथ्वीचे केंद्र की पृथ्वी आणि चंद्र यांचा समाईक गुरुत्वमध्य, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. हा गुरुत्वमध्य पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटर अंतरावर, पण पृथ्वीच्या पोटातच आहे. प्लूटोच्या बाबतीत तो प्लूटोच्या बाहेर पडतो. अंक ३ की ३९९, ९ की ९९९, हे ठरविल्याशिवाय आज्ञावली पुढे जात नाही. भाषा ज्या ठिकाणी मोघम राहू देते, त्या ठिकाणी अंक विचार करावयास भाग पाडतो. ग्रहांच्या नेहमीच्या माहितीसंचात गुरूच्या संस्थेचा गुरुत्वमध्य असतो, प्रत्यक्ष गुरूचे केंद्र नसते. 'गुरू' हे नाव बरोबर सापडते, ५९९ हा अंक बरोबर मिळतो, आणि तरीही उपग्रहांचा वेगळा संच जोडल्याविना स्थान मिळत नाही. विद्यार्थ्यांची येथे वारंवार फसगत होते. परंतु हा दोष अंकाचा नसून 'गुरू' या शब्दात दोन वस्तू एकत्र नांदत होत्या, हे अंकाने उघड केले, एवढेच.

४

येथपर्यंतचा विचार अंकाच्या बाजूचा झाला. आता त्याच्या मर्यादा पाहावयाच्या.

पहिली मर्यादा अनेकार्थतेची. यानांचे ऋण अंक संपर्कजाळ्याच्या यानक्रमांकांवरून घेतलेले असतात. ते क्रमांक मर्यादित असल्यामुळे एक मोहीम संपली की तिचा क्रमांक दुसरीला मिळू शकतो. परिणामी −१२ हा अंक १९७८ साली शुक्राकडे गेलेल्या पायोनियर यानाचाही आहे आणि २०१३ साली चंद्राकडे गेलेल्या 'लॅडी' या यानाचाही. −५३ हा अंक १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा आणि २००१ साली निघालेल्या मार्स ओडिसीचाही. भुवन म्हणजे तीन की चौदा, ही जी अडचण भूतसंख्येत होती, तिचीच ही उलटी बाजू होय. अंकावरून नाव विचारले असता शेवटी नोंदलेले नाव उत्तर म्हणून येते. म्हणजे इतिहासातील मागच्या धन्याचे नाव पुढच्याच्या नावाखाली झाकले जाते.

याच्या उलट, एका नावाच्या दोन वस्तू असतात तेव्हा अंकाची उपयुक्तता निर्विवाद ठरते. चांद्रयान-२ चा अवतरक 'विक्रम' आणि त्याची गाडी 'प्रज्ञान'. २०१९ च्या सप्टेंबरात तो अवतरक चंद्रावर कोसळला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा जो अवतरक सुखरूप उतरला, त्याचेही नाव 'विक्रम' आणि त्याच्याही गाडीचे नाव 'प्रज्ञान'. नावांच्या या पुनरुक्तीत राष्ट्रीय भावनेच्या दृष्टीने औचित्य आहे. अभिधानाच्या दृष्टीने मात्र 'विक्रम चंद्रावर आहे' हे वाक्य दोन अर्थांनी खरे ठरते, आणि त्यांतील एक अर्थ दुःखद आहे.

दुसरी मर्यादा रचनेची. ग्रहाच्या उपग्रहांसाठी दोन अंक राखून ठेवले, तेव्हा ९८ पेक्षा अधिक उपग्रह लागतील अशी कल्पना नव्हती. शनीच्या ज्ञात उपग्रहांची संख्या २०२५ साली २७४ झाली. म्हणून पाच अंकी रूपांची नवी व्यवस्था करावी लागली. लघुग्रहांसाठी वीस लाखांत लघुग्रहाचा क्रमांक मिळविण्याचा संकेत होता : सेरेस २०००००१, व्हेस्टा २०००००४. क्रमांकित लघुग्रहांची संख्या दहा लाखांच्या दिशेने वाढू लागताच दोन कोटींपासून मोजणारा दुसरा संकेत आणावा लागला. गॅस्प्रा आणि आयडा हे दोन लघुग्रह तर कोणत्याच संकेतात बसत नाहीत. त्यांचे अंक अनुक्रमे ९५११०१० व २४३१०१० असे आहेत, कारण ते आरंभीच्या काळात दिले गेले. जी रूपे भाषेत सर्वांत जुनी व रुळलेली असतात तीच व्याकरणाला अपवाद ठरतात, या भाषाशास्त्रातील परिचित निरीक्षणाचा येथे प्रत्यय येतो.

तिसरी मर्यादा काळाची. १९३० साली सापडलेल्या प्लूटोला २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहपदावरून दूर केले. त्याला लघुग्रहांच्या सूचीत १३४३४० हा क्रमांक मिळाला. परंतु यादीत त्याचा अंक ९९९ हाच राहिला, आणि ९ हा अंकही त्याच्याच संस्थेकडे राहिला. हे योग्यच झाले, कारण अंक बदलला असता तर जुने सर्व माहितीसंच निरुपयोगी ठरले असते. मात्र त्यामुळे अंकाच्या निर्विकारपणाविषयीचा समज खोटा ठरतो. शास्त्र पुढे गेले, पण अंकात जुने शास्त्र गोठून राहिले. 'सूर्य उगवला' हे वाक्य जसे भूकेंद्री कल्पनेचा अवशेष जपते, तसाच ९९९ हा अंक नऊ ग्रहांच्या सूर्यमालेचा अवशेष जपतो.

५

अंकात जगाविषयीची कल्पना गोठते, याचे अधिक जुने व अधिक निकटचे उदाहरण पंचांगात आहे. सोलापूरच्या वाचकाला ते दूर शोधावयास नको. दाते पंचांग याच नगरातून प्रसिद्ध होते आणि महाराष्ट्रात घरोघरी आढळते.

मराठी पंचांगाची व जन्मपत्रिकेची लेखनपद्धती नामांच्या संक्षेपाची एक पूर्ण व्यवस्थाच आहे. कुंडलीच्या घरांत राशींची नावे न लिहिता १ ते १२ अंक लिहितात, आणि ग्रहांची नावे आद्याक्षरांनी दाखवितात : र, चं, मं, बु, गु, शु, श, रा, के. राशीला अंक आणि ग्रहाला अक्षर, ही वाटणी अत्यंत विचारपूर्वक झालेली आहे, कारण दोन्हींना अंक दिले असते तर घरातील अंक कोणाचा हे कळले नसते. ऋणचिन्हाने यान व ग्रह वेगळे करण्यामागे जी बुद्धी आहे, तीच येथे आहे. अमावास्येला ३० हा अंक देऊन दोन पक्षांच्या पंधराव्या तिथींतील गोंधळही पंचांगकर्त्यांनी टाळला आहे.

परंतु याच परंपरेत एक सूक्ष्म विसंगतीही नांदते. कुंडलीत मेष म्हणजे १. परंपरागत गणितात ग्रहाचे स्पष्ट स्थान राशी, अंश, कला, विकला असे लिहिताना मात्र पूर्ण झालेल्या राशी मोजतात; म्हणून मेषेतील ग्रहाच्या राशीच्या जागी ० येते आणि वृषभेतील ग्रहाच्या जागी १. एकच १ हा अंक कुंडलीत मेष सांगतो आणि कोष्टकात वृषभ. पहिला क्रमवाचक आहे, दुसरा गतवाचक. जाणत्याला हा भेद अडत नाही, कारण तो संदर्भ जाणतो. आज्ञावलीला संदर्भ सांगावा लागतो, आणि तो न सांगितल्यास तीस अंशांची चूक निमूटपणे होते.

ग्रहांच्या क्रमाचीही तीच कथा. परंपरेच्या वारक्रमाने रवी, चंद्र, मंगळ असा क्रम लागतो. त्यात मंगळ तिसरा. आधुनिक यादीत सूर्यापासूनच्या अंतराने तो चौथा. राहू आणि केतू हे परंपरेत ग्रह असून 'स्पाइस'च्या व्यवस्थेत त्यांना अंक मिळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते चंद्रकक्षा व क्रांतिवृत्त यांचे छेदनबिंदू आहेत, पिंड नव्हेत. अंक देण्यापूर्वी 'वस्तू' कशाला म्हणावयाचे हे ठरलेले असते; यादी तो निर्णय केवळ नोंदवून ठेवते.

६

आता मुख्य व्यावहारिक प्रश्नाकडे वळता येईल. मराठीत नाव लिहून ग्रहाचे स्थान मिळावे, अशी व्यवस्था करावयाची झाली तर काय करावे? सहज सुचणारा उपाय असा, की मराठी नावाचे रोमी अक्षरांत लिप्यंतर करावे अथवा ते ज्या इंग्रजी शब्दावरून आले तो शोधावा, आणि मग मूळ यादीकडे जावे. हा उपाय अनेक ठिकाणी सुचविला जातो. तो सदोष आहे. आणि त्याचा दोष साधा नाही.

सातव्या ग्रहाचे उदाहरण घ्यावे. इंग्रजीत त्याचे नाव युरेनस. मराठी पंचांगांत तो शोधकर्त्याच्या नावावरून 'हर्षल' झाला. व्यंकटेश बापूजी केतकरांच्या परंपरेत त्याला 'प्रजापती' म्हणतात, आणि हिंदीत तो 'अरुण' आहे. चार नावे, वस्तू एक, अंक ७९९. आता 'हर्षल' या नावाचे मूळ इंग्रजी रूप शोधून ते यादीत पाहिले तर ते सापडते. पण तेथे त्या नावापुढे −४८६ हा अंक आहे, आणि तो २००९ साली सोडलेल्या युरोपीय अवकाश-दुर्बिणीचा आहे. आज्ञावली 'नाव सापडले' असे उत्तर देईल, अंक देईल, त्या अंकाचे स्थानही देईल. आणि ते सर्व उत्तर चुकीचे असेल. आठव्या ग्रहाचीही गत वेगळी नाही. 'वरुण' म्हणून ज्याला मराठी वाचक ओळखतो तो नेपच्यून, अंक ८९९. परंतु 'वरुण' हे नाव लिप्यंतराने जसेच्या तसे पाठविले तर ते २००० साली सापडलेल्या, नेपच्यूनपलीकडील २०००० क्रमांकाच्या लघुग्रहाला जाऊन भिडते.

केतकरांचेच आणखी एक उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९११ साली त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असे भाकीत करून त्यांना 'ब्रह्मा' व 'विष्णू' ही नावे दिली. ते ग्रह त्या नावांनी कधी नोंदले गेले नाहीत. पुढे 'विष्णू' हे नाव १९८६ साली सापडलेल्या ४०३४ क्रमांकाच्या लघुग्रहाला मिळाले. जुन्या मराठी लेखनातील 'विष्णू' आणि आजच्या यादीतील 'विष्णू' यांत नामसाम्यापलीकडे काही संबंध नाही. वस्तू न सापडलेले नाव आणि त्या नावाची भलतीच वस्तू, या दोन स्थितींत पहिली निरुपद्रवी असते, दुसरी नव्हे.

यावरून एक मूल्यमापनाचे तत्त्व हाती लागते. नाम न सापडणे हे अपयश आहे; चुकीच्या वस्तूवर सापडणे ही फसवणूक आहे. 'स्पाइस'मधील फंक्शन नाव न सापडल्यास तसे स्पष्ट सांगते, हा त्याचा मोठा गुण होय. लिप्यंतराच्या मार्गाने गेल्यास या गुणाचाच नाश होतो.

मराठीची आणखी तीन वैशिष्ट्ये या व्यवस्थेला जुळवून घ्यावी लागतील. एक, लेखनाची. मूळ फंक्शन लहान-मोठ्या रोमी अक्षरांतील भेद आणि जास्तीची मोकळी जागा यांकडे दुर्लक्ष करते. इंग्रजी लेखनातील क्षुल्लक भेद कोणते, हे तीत ठरवून टाकलेले आहे. मराठीतील क्षुल्लक भेद निराळे आहेत. चंद्र आणि चन्द्र हे एकच नाव आहे. परंतु अनुस्वार व परसवर्ण यांच्या संगणकीय खुणा निरनिराळ्या असल्यामुळे यंत्राला ते दोन शब्द वाटतात. चंद्रयान आणि चांद्रयान ही दोन्ही रूपे मराठी वृत्तपत्रांत चालतात. दुसरे तद्धिताने साधलेले आहे, पहिले सरळ समास आहे, आणि वस्तू एकच आहे. मंगळयान आणि मंगलयान यांतही तसेच. मूळ यादीत मात्र त्या यानाची नोंद 'मार्स ऑर्बिटर मिशन' आणि त्याचे आद्याक्षरी रूप 'मॉम' अशी आहे. लोकांनी दिलेले नाव जोडावयाचे झाल्यास ते आपले आपण जोडले पाहिजे.

दोन, शुद्धलेखनाची. प्रचलित मराठी नियमांप्रमाणे सुटा शब्द 'गुरू', 'शनी', पण समासात 'गुरुवार', 'शनिवार'. जुन्या पंचांगांत सुटा शब्दही ऱ्हस्वान्त आढळतो. यांतील प्रत्येक रूप त्याच्या ठिकाणी शुद्ध आहे. म्हणून यादी करणाराने शुद्ध-अशुद्धाचा वाद न मांडता सर्व रूपे एका अंकाखाली घेतली पाहिजेत.

तीन, विभक्तीची. इंग्रजीत नाव वाक्यात कोठेही आले तरी त्याचे रूप बदलत नाही. अक्षरशः जुळवणीवर आधारलेली यादी तेथे पुरते. मराठीत प्रत्ययापूर्वी सामान्यरूप होते : मंगळ, पण मंगळावर, शुक्र, पण शुक्राचा. यादीत प्रातिपदिक असते आणि वाक्यात पद असते. या दोहोंमधील पूल व्याकरणाने बांधावयाचा आहे. तो कोणत्याही परकीय साधनसामग्रीत आयता मिळणार नाही.

सोलापुरात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदत आहेत. मराठी व कन्नड भाषकाला जो 'मंगळ', तो तेलुगू भाषकाला 'अंगारकुडु' आणि उर्दू भाषकाला 'मिर्रीख'. गुरू हाच 'मुश्तरी', शनी हाच 'जुहल'. या चार भाषांत परस्परांचे भाषांतर करण्यासाठी कोणा एका भाषेला मध्यस्थ करण्याचे कारण नाही. ४९९ हा अंक तेथे उत्तम मध्यस्थ होऊ शकतो. अंकाचा खरा लाभ जर कोठे असेल तर तो येथे आहे. नामे नाहीशी करण्यात तो नाही, सर्व नामांना समान दर्जाने एकत्र आणण्यात आहे.

७

'स्पाइस'च्या व्यवस्थेत वापरणाऱ्यास स्वतःची नावे जोडण्याची मुभा आहे, आणि अशा जोडलेल्या नावांना अंगभूत यादीपेक्षा अग्रक्रम मिळतो. तथापि ज्या मजकूर-संचातून ही नावे जोडावयाची, त्यात मूलभूत रोमी चिन्हांखेरीज इतर चिन्हे चालत नाहीत. म्हणजे देवनागरी नाव थेट त्या यादीत शिरू शकत नाही. मराठीसाठी निराळी यादी करणे आणि तिच्यातून केवळ अंक पुढे पाठविणे, हाच मार्ग उरतो. वरील चिकित्सेच्या आधारे अशा यादीची तत्त्वे सांगता येतात. मराठी नाव थेट अंकाशी जोडावे, इंग्रजी नावामार्फत नव्हे. एका अंकाखाली सर्व प्रचलित रूपे घ्यावीत, परंतु उत्तरादाखल कोणते रूप द्यावयाचे ते एकच ठरवावे. ज्या नावाला दोन वस्तू आहेत, उदाहरणार्थ 'विक्रम' किंवा 'वरुण', तेथे अंक न देता प्रश्न परत विचारावा. राहू-केतूंसारख्या नावांना अंक नाही हे सांगताना 'सापडले नाही' आणि 'पिंड नाही' ही दोन उत्तरे वेगळी ठेवावीत.

या कामाला गणितज्ञ पुरेसा नाही. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून शास्त्रीय परिभाषेचे कोश सिद्ध होत आले. त्यांचे उद्दिष्ट एका कल्पनेसाठी एक प्रमाण शब्द देणे हे होते. येथे हवी असलेली यादी त्याच्या नेमकी उलट आहे. तिला प्रमाण शब्द निवडावयाचा नसून लोक प्रत्यक्ष कोणकोणते शब्द वापरतात ते सर्व गोळा करावयाचे आहेत. पंचांगातले, वृत्तपत्रातले, शाळेच्या पुस्तकातले, आणि शेजारच्या भाषांतलेही. ते काम शब्दसंग्राहकाचे व बोलीभाषांच्या अभ्यासकाचे आहे. त्यासाठी लागणारी सामग्री सोलापूर जिल्ह्याच्या सीमेबाहेर न जाताही मोठ्या प्रमाणावर मिळू शकेल. ते झाले नाही, तर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला यंत्र उत्तर देतच राहील. फक्त हर्षल ग्रह विचारणाऱ्यास ते बंद पडलेल्या दुर्बिणीचा ठावठिकाणा सांगेल, आणि विचारणाऱ्यास ते कळणारही नाही.